आधी दाखवलंय का?

घर बदलताना मराठी माणूस कशाकशाची चौकशी करतो याची यादी केली, तर तिच्यात अख्खा संसार मावतो. पाणी महापालिकेचं की टँकरचं, पार्किंग झाकलेलं की उघड्यावरचं, देवघर कुठल्या दिशेला, शाळेची बस कुठल्या गेटाशी थांबते, वाणी सामान घरपोच देतो का, पोळ्यांच्या बाईंना सकाळची वेळ आहे का, हे सगळं विचारून होतं. अकरा महिन्यांच्या भाडेकराराची कलमं वाचली जातात, निदान वाचल्यासारखी केली जातात. गॅस नव्या पत्त्यावर येतो, दूधवाला ठरतो, इंटरनेटवाला तर आपल्याआधी येऊन भिंतीला भोक पाडून गेलेला असतो. या यादीत डॉक्टर नसतो. का नसतो, तर डॉक्टर ही ठरवायची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतच नाही. जुन्या घरापाशी ते कुणी ठरवले होते? ते होतेच, कोपऱ्यावरचा पिंपळ होता तसे. मग नव्या घरात सामान लागतं, पडदे लागतात, सत्यनारायण होतो, आणि केव्हातरी, बहुधा शनिवारी संध्याकाळी, घरातल्या कुणाला तरी थंडी वाजून ताप येतो. तेव्हा ध्यानात येतं की आपल्याकडे या भागातला सुतार आहे, प्लंबर आहे, एसीवाला आहे; माणूस दुरुस्त करणारं मात्र कुणीच नाही.

मग फोन होतो. पाटीवरचा नंबर लागतो, वाजतो, कापला जातो, पुन्हा लागतो. पलीकडून एक थकलेला आवाज येतो आणि तो तापाबद्दल काहीच विचारत नाही. किती आहे, कधीपासून आहे, अंगावर पुरळ आहे का, यातलं काही नाही. पहिला प्रश्न एकच: "आधी दाखवलंय का?" उत्तर "हो" असेल तर पुढचं वाक्य असतं, "या साडेसातला." उत्तर "नाही" असेल तर, "सर आज फुल आहेत, सोमवारी अकरानंतर फोन करून बघा." ताप तोच, डॉक्टर तेच, शनिवारही तोच. नव्या भागात डॉक्टरांची वेळ का मिळत नाही याची कारणं लोक पुष्कळ देतात: डॉक्टर कमी झालेत, गर्दी वाढलीय, सगळे पैशाच्या मागे लागलेत. माझं म्हणणं असं की खरं कारण त्या पहिल्या प्रश्नात दडलेलं आहे. डॉक्टरची अपॉइंटमेंट ही घड्याळाची बाब वाटते, पण असते ओळखीची. घर बदलल्यानं डॉक्टर हरवत नाहीत. ते जिथल्या तिथे बसलेले असतात. हरवतं ते आपलं 'जुना पेशंट' हे पद, आणि सामान हलवणाऱ्यांच्या ट्रकमध्ये ते चढवता येत नाही.

हे पद काय होतं ते कळायला जुन्या वस्तीतल्या दवाखान्यात डोकवावं लागेल. पुण्याच्या पेठेतला असो, गिरगावातला असो की सांगलीतला, नकाशा साधारण एकच. बाहेर चपलांचा ढीग, आत भिंतीला लागून दोन बाकं, औषध कंपनीचं कॅलेंडर, दर वेळी वेगळं वजन दाखवणारा काटा आणि अर्ध्या दारापलीकडे डॉक्टर. इथे अपॉइंटमेंट नव्हती, नंबर होता. कंपाउंडर तो एका वहीत लिहून ठेवी. सत्ताविसावा नंबर असलेला माणूस मधल्या वेळात घरी जाऊन जेवून येई, कारण सत्तावीस नंबर आत जायला किती वेळ लागतो हे त्याला लोकलच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं ठाऊक असे. आत गेल्यावर डॉक्टर "काय होतंय?" याच्या आधी "वडील कसे आहेत?" हे विचारत. वरवर ते सौजन्य वाटे, पण तपासणी तिथेच सुरू झालेली असे. वडिलांचा दमा, आईची साखर, धाकट्याला न चालणारं पेनिसिलिन, परीक्षा आली की दुखणारं थोरलीचं पोट, सगळं त्या एका डोक्यात जमा होतं. केसपेपर म्हणून जे पिवळं पडलेलं कार्ड होतं, त्यावर तारीख आणि चार वेडीवाकडी अक्षरं एवढंच असे. उरलेला केसपेपर म्हणजे स्वतः डॉक्टर.

या व्यवस्थेकडे घड्याळ लावून बघणारा हादरतो. २०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात ६७ देशांमधल्या डॉक्टरभेटी किती वेळ चालतात याचा आढावा छापून आला. स्वीडनमध्ये एक भेट सरासरी साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपण दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत आपल्याकडे भाजीवाला कोथिंबिरीची जुडीसुद्धा बदलून देत नाही. आकडा लाजिरवाणा आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या दोन मिनिटांच्या पाठीशी वीस वर्षं उभी असतील, तर तपासणी वीस वर्षं आणि दोन मिनिटं चाललेली असते. घसा बघता बघता डॉक्टर म्हणतात, "पुन्हा गणपतीतच आला बघा हा ताप." आदल्या आणि त्याआधीच्या भाद्रपदाची नोंद त्या एका "पुन्हा"त असते. घर बदलल्यावर पंचाईत होते ती इथे. वीस वर्षं मागे राहतात, आणि मिनिटं दोनच्या दोनच.

आता हाच व्यवहार डॉक्टरांच्या खुर्चीत बसून बघू, म्हणजे फोनवरच्या मॅडमवरचा राग थोडा निवळेल. जुना पेशंट म्हणजे तीन मिनिटांचं काम: जीभ, छाती, "मागची गोळी लागू पडली होती ना? तीच घ्या." नवा पेशंट म्हणजे उत्खनन. "कधीपासून होतंय?" "झाले असतील बरेच दिवस." "आधी काही औषध चालू आहे?" "आहे ना, एक पांढरी गोळी, लहान, मधे रेघ असलेली." "कशासाठी?" "ते जुन्या डॉक्टरांना माहीत." मग प्लॅस्टिकची फाइल निघते. तिच्यात रिपोर्ट उलट्या क्रमानं लागलेले असतात, मधे एक वीजबिल असतं आणि जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी असते. औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ साली केला. तरी ही चिठ्ठी वाचू शकणारा माणूस पृथ्वीतलावर एकच असतो, आणि तो जुन्या दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात राहिलेला असतो. एका नव्या पेशंटच्या वेळात चार जुने होतात. शनिवारी संध्याकाळी बाकावर बावीस माणसं असताना मॅडमनी तेविसाव्या अनोळखी माणसाला सोमवारी फोन करायला सांगितलं, तर तो उद्धटपणा म्हणण्यापेक्षा तोंडी हिशोब म्हणावा. त्या गणिताला 'ताप' या शब्दासाठी रकाना नाही, एवढंच काय ते त्याचं वैगुण्य.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अहो, मुळात डॉक्टरच कमी आहेत, त्यात ओळखीचं काय घेऊन बसलात? तर आकडा बघू. २०२२ साली केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की देशात ८३४ माणसांमागे एक डॉक्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणून सांगितलं जाणारं माप हजारामागे एक. म्हणजे आपण उत्तीर्ण, तेही चांगल्या गुणांनी. या हिशोबात तेरा लाखांवर नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के हजर धरले होते आणि त्यांत सुमारे साडेपाच लाख आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे आयुष डॉक्टर मिळवले होते. बेरजेशी भांडण नको. ८३४ माणसं म्हणजे आजच्या दोन-तीन टॉवरांची वस्ती, म्हणजे प्रत्येक सोसायटीला एखादा डॉक्टर हक्काचा यायला हवा. तो कुठेतरी असणारच. कदाचित गेल्या महिन्यात त्यानंही घर बदललं असेल आणि फोनवर तोही सोमवारची वाट बघत असेल. सरासरी देशाची निघते. ताप गल्लीत येतो.

गल्ल्या कशा वाढतात ते पुण्यात फार सोयीनं बघता येतं. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३ आली. म्हाळुंगे, सूस, वाघोली ही त्या तेविसांतलीच. हद्द कागदावर एका दिवसात वाढते, टॉवर दोन-तीन वर्षांत उभे राहतात, पण दवाखान्याला मुरायला पिढी लागते. अशा भागातल्या नव्या व्यापारी संकुलासमोर उभं राहून पाट्या वाचाव्यात. तळमजल्यावर दातांचा दवाखाना, त्याला लागून दातांचा दुसरा दवाखाना. वर त्वचा आणि केस, त्याच्यावर वजन कमी करणं, शेजारी फिजिओथेरपी, कोपऱ्यात कुत्र्यामांजरांचा डॉक्टर. दात, केस आणि कातडी यांची सोय हाकेच्या अंतरावर झालेली असते. या तिन्हींच्या आत जो माणूस असतो त्यानं तेवढं सोमवारपर्यंत थांबायचं. यात कुणाचा कट नाही. रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं ताप-खोकल्याच्या फीमधून सुटत नाही, आणि नुसती डॉक्टरकी करण्यापेक्षा एखाद्या अवयवाचं तज्ज्ञ होण्यात मान आणि दाम दोन्ही आहेत. म्हणजे नव्या भागात साधे डॉक्टर कमी असतात हा आक्षेप अर्धा मान्य. उरलेल्या अर्ध्याला उत्तर त्याच बाकावर बसलेलं आहे: तोच दवाखाना, तीच टंचाई, तरी वर्षभर आधी राहायला आलेल्याला साडेसातची वेळ मिळते. टंचाईमुळे रांग लागते हे खरं. रांगेत कोण कुठे उभा राहणार हे मात्र ओळख ठरवते.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. फोन कशाला करता, ॲप आहे की! बोटानं वेळ निवडा, सात वीस म्हणजे सात वीस. ॲप आहे आणि ते खरोखर सात वीसची वेळ देतं. माणूस सात दहाला पोचतो, तर बाकावर चौदा जण असतात आणि त्यांतल्या तिघांना सात वीसचीच वेळ मिळालेली असते. हा ॲपचा बावळटपणा नाही, शास्त्र आहे. १९५२ साली वेल्च आणि बेली या दोघा ब्रिटिश संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात रुग्णालयांच्या वेळा कशा द्याव्यात याचा हिशोब मांडला. त्यांचा तोडगा असा: दवाखाना उघडताना दोन पेशंट एकदम बोलवावेत आणि पुढचे सरासरी तपासणीच्या अंतरानं, म्हणजे एखादा आला नाही तरी डॉक्टरांना रिकामं बसावं लागणार नाही. डॉक्टरांचा वेळ वाचवायला कुणाचा तरी वेळ शिल्लक ठेवावाच लागतो, आणि तो पेशंटचा, हे त्या गणितात गृहीतच आहे. आपण त्यात स्वदेशी भर घातली. दोघांऐवजी सहा बोलावतो, आणि डॉक्टर राउंडवरून आले की घड्याळ सुरू झालं असं समजतो.

शिवाय ॲपला एक गोष्ट अजून शिकवता आलेली नाही, ती म्हणजे दार ढकलून डोकं आत घालणारा माणूस. "डॉक्टर, फक्त रिपोर्ट दाखवायचाय." हा जुना पेशंट. त्याच्यामागे "एकच विचारायचं होतं" म्हणणाऱ्या काकू, त्यांच्यामागे "आईच्या गोळ्या तेवढ्या लिहून द्या" म्हणणारा मुलगा. यांना वेळ लागत नाही, नंबर लागत नाही, आणि बाहेर बसलेल्या सात वीसवाल्याकडे बघून ते इतकं मनापासून "एकच मिनिट हं" म्हणतात की त्याला "चालेल" म्हणावंच लागतं. मॅडम त्यांना अडवत नाहीत, कारण त्या एका मिनिटात खरंच काम होतं: डॉक्टरांना रिपोर्टमधला फक्त आकडा बघायचा असतो, माणूस पाठ असतो. ॲपनं वेळ विकत मिळते, पण त्या दारात डोकं घालायचा परवाना मिळत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओळखच हवी ना? मग सरकारनं ती संगणकात घातली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो आणि आपल्या संमतीनं आपले रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात क्यूआर कोड दाखवून केसपेपरच्या रांगेतले हाल वाचतात, हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण चौदा आकडे पाठ करणारा समाज नव्या डॉक्टरसमोर बसला की काय होतं? एक तर जुन्या पेठेतल्या डॉक्टरांनी वीस वर्षं जे डोक्यात लिहिलं ते कुठल्याच संगणकात गेलेलं नसतं. थोरलीचं पोट परीक्षेलाच दुखतं, याचा कुठल्या प्रयोगशाळेनं रिपोर्ट दिलेला नाही. आणि दुसरं म्हणजे रिपोर्ट आले तरी ते वाचायला पुन्हा तीच जादा मिनिटं लागतात, जी मिळत नव्हती म्हणून तर हा सगळा खटाटोप. आभा क्रमांक हे उत्तम ओळखपत्र आहे. ओळखपत्र आणि ओळख यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ओळख असलेल्याला ओळखपत्र कुणी मागत नाही.

मग काही व्यवहारी लोक म्हणतात, एवढं आहे तर जुन्याच डॉक्टरांकडे जा. जातात ना! म्हाळुंग्याहून सदाशिव पेठेत तापलेला माणूस घेऊन लोक निघतात, विद्यापीठाच्या चौकात अडकतात आणि पोचेपर्यंत ताप एकदा उतरून दुसऱ्यांदा चढलेला असतो. फोनवर विचारावं, तर तिथेही मोठी गंमत आहे. टाळेबंदी लागली त्याच सुमाराला, २५ मार्च २०२० रोजी, सरकारनं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत 'पहिला सल्ला' आणि 'फॉलो-अप' असे दोन वेगळे वर्ग केले आहेत, आणि पहिल्या सल्ल्यात कुठली औषधं लिहिता येतात व कुठली फक्त फॉलो-अपलाच, याच्या याद्या दिल्या आहेत. त्याच दुखण्यासाठी त्याच डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून सहा महिने उलटून गेले, तर फोनवरची भेट पुन्हा पहिलीच धरली जाते. म्हणजे फोनवरच्या मॅडम जे तीन शब्दांत विचारतात, तेच भारत सरकारनं पानंच्या पानं खर्चून विचारलेलं आहे. जुना पेशंट हा दर्जा आता सरकारदरबारीही मान्य झालाय, फक्त त्याला दुधाच्या पिशवीसारखी मुदत आहे.

मुदत संपलेला माणूस शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला शरण जातो. "जवळपास चांगले डॉक्टर कुणी सुचवेल का? अर्जंट." दहा मिनिटांत सतरा नावं येतात. निरखून बघितली तर एक चिंचवडचे, एक सिंहगड रस्त्याचे, एक नाशिकचे, आणि एकानं तर लातूरच्या आपल्या मामांचा नंबर दिलेला असतो. लोक मदत करत नाहीत असं अजिबात नाही. सोसायटीच नवी असल्यामुळे प्रत्येकाचा डॉक्टर कुठे ना कुठे मागे राहिलेला असतो, आणि प्रत्येकजण आपापली गमावलेली ओळख दुसऱ्याला उदारपणे देऊ करत असतो. अठराव्या माणसानं सुचवलेला उपाय मग सगळे मुकाट्यानं करतात: खालच्या औषधवाल्याला विचारणं. नव्या भागात पहिल्यांदा ओळख होते ती त्याच्याशी, म्हणून पहिला डॉक्टरही तोच होऊन बसतो. त्यानं दिलेल्या अर्ध्या कोर्सचे परिणाम निस्तरायला पुढे डॉक्टर लागतातच, पण ते सोमवारी.

परदेशात असलं काही नसतं, हा चौथा आक्षेप, आणि तो बहुधा नुकतीच मुलाकडे जाऊन आलेली मंडळी घेतात. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. घर बदललं की भागातल्या दवाखान्यात नाव नोंदवायचं, मग तुम्ही त्यांचे. छानच आहे. फक्त नाव नोंदवल्यावर वेळ मिळवायला सकाळी आठला फोनवर अशी झुंबड उडते की 'आठची झुंबड' हा तिथल्या राजकारणातला शब्द होऊन बसला आहे. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकर्टन या लहानशा गावी जानेवारी २०२५ मध्ये एका नव्या डॉक्टरांनी पहिल्या ५०० जणांना आपल्या यादीत घ्यायचं ठरवलं, तर बर्फात हजारावर लोक रांग लावून उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांना त्या दिवशी काही दुखत नव्हतं. त्यांना तपासून घ्यायचं नव्हतंच. कुणाचे तरी पेशंट व्हायचं होतं. माझ्या म्हणण्याला याहून थंडगार पुरावा मला सापडलेला नाही. ऊबदार पुरावा नॉर्वेतला आहे. तिथे सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पंधरा वर्षांहून जास्त काळ एकच डॉक्टर असलेल्यांमध्ये, एखाद्याच वर्षाची ओळख असलेल्यांच्या मानानं, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी आणि तातडीनं रुग्णालयात दाखल होण्याचं सुमारे २८ टक्क्यांनी कमी दिसलं. धडधाकट माणसं घरं कमी बदलत असतील, त्यामुळेही असं दिसेल, असं कुणी म्हणेल. संशोधकांनी वय, आजार वगैरे जमेस धरूनच हे सांगितलंय. आपल्या आज्या "त्यांच्या हाताला गुण आहे" असं म्हणत, तेव्हा आपण हसायचो. गुण हातात असेलही, पण त्याच्या जोडीला तीच नाडी पंधरा वर्षं त्याच हातात असण्याचाही गुण होता.

इथे शेवटचा आणि सर्वांत टोकदार आक्षेप येतो: म्हणजे तुम्ही वशिल्याचंच समर्थन करताय की! ओळख असेल त्याला आधी, नसेल त्यानं मरावं. नाही, दोन्ही शब्द आपण जोडीनं वापरतो म्हणून घोटाळा होतो. आपण डॉक्टरला ओळखतो तेव्हा तो वशिला. डॉक्टर आपल्याला ओळखतात तेव्हा ती ओळख. वशिला आमदारांच्या पीएच्या फोननं पाच मिनिटांत येतो आणि डॉक्टरांना आपल्या यकृताबद्दल काहीच सांगत नाही. ओळखीला वर्षं लागतात, ती विकत मिळत नाही, आणि बाकावरच्या कामवाल्या बाईंनाही ती बंगल्यातल्या साहेबांइतकीच मिळू शकते. जुन्या दवाखान्यात ती मिळतही असे. दोष ओळखीत नाही. ओळख करून घ्यायला आपण जो मुहूर्त निवडतो, म्हणजे एकशे तीन ताप, त्यात आहे. लग्न ठरवायला मांडवात जाऊन स्थळं बघावीत, तसा हा प्रकार.

म्हणून उपाय एकच दिसतो, आणि तो जरा विचित्र आहे. नव्या घरात दूध उतू घातलं की त्याच आठवड्यात, अंगात काहीही नसताना, जवळच्या साध्या डॉक्टरांकडे जाऊन यावं. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या काळी वैद्य गल्लीतच असत, त्यामुळे मरू देणं परवडत होतं. आता गरज लागायच्या आधी वैद्य जोडावा लागेल. यात अडचणी नाहीत असं नाही. मॅडम विचारतील, "काय होतंय?" आणि "काही नाही" या उत्तराला केसपेपरवर जागा नसते. म्हणून रक्तदाब बघायचाय म्हणावं. चाळिशीपुढच्या माणसाला त्यासाठी खोटंही बोलावं लागत नाही. मंगळवारी दुपारी जावं, तेव्हा बाकं रिकामी असतात. फी द्यावी, पांढऱ्या गोळीचं नाव डबीवरून उतरवून न्यावं, वडिलांच्या दम्याचं स्वतःहून सांगावं. डॉक्टर थोडे संशयानं बघतील, कारण निरोगी माणूस दवाखान्यात आला की तो बहुधा औषध कंपनीचा असतो. ते चालवून घ्यावं. दहा मिनिटांत आपल्या नावाचं एक कार्ड तयार होतं आणि डब्यात जातं, बस.

मग केव्हातरी, बहुधा शनिवारी संध्याकाळीच, थंडी वाजून ताप येतो. फोन लागतो, कापला जातो, पुन्हा लागतो. "आधी दाखवलंय का?" "हो, श्रावणात आलो होतो." पलीकडे कार्डं चाळल्याचा आवाज होतो. "ते बीपीवाले का? या साडेसातला." साडेसातला गेलं की नंबर आठ वाजता लागतो, कारण मधे दोघांना फक्त रिपोर्ट दाखवायचा असतो. आपण त्यांना "चालेल" म्हणतो, आणि या खेपेस ते बरंचसं मनापासून असतं. तीन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट हातात येईल, तेव्हा ते दार आपल्यालाही ढकलायचं आहे.